प्लगचे आटे आणि हाताचा जोर



आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती मुठीत मावेल एवढी लहान आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा स्पार्क प्लग, ती ही वस्तू. मी काही यंत्रशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवितो. मग या विषयावर बोलण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की या प्लगने मला एकदा धडा शिकविला आणि त्याची फी मी रोख मोजली.

आमची गाडी साधी, तीन सिलिंडरांची, बऱ्याच वर्षांची आहे. एका दिवाळीच्या सुटीत तिचे प्लग आपणच बदलावेत असे माझ्या मनाने घेतले. दुकानदाराने प्लगांबरोबर एक चंदेरी मलमाची ट्यूब हातात ठेवली. म्हणाला, "हे आट्यांना लावा सर, पुढच्या वेळी प्लग लोण्यासारखे निघतील." या मलमाला अँटी-सीझ म्हणतात, आटे एकमेकांत जाम होऊ नयेत म्हणून लावायचा हा लेप. मी तो अगदी सढळ हाताने लावला. प्लग पान्याने आवळले, आणि कुठे ढिला राहू नये म्हणून प्रत्येकाला शेवटी एक हिसका दिला. काम फारच चांगले झाले, असे मला वाटले.

दोन वर्षांनी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रींनी पहिला प्लग काढला, दुसरा काढला. तिसरा अर्धवट फिरला आणि करकरू लागला. शेवटी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत चकचकीत तारेसारखे काहीतरी गुंडाळलेले होते. मिस्त्रींनी तो माझ्यापुढे धरला.

"सर, ही तार नाही. हे तुमच्या हेडाचे आटे आहेत. कोणी आवळला होता हा?"

"मीच," मी म्हणालो. "पण लेप लावला होता की!"

"लावला होता ना? मग त्यावर पुन्हा एवढा जोर कशाला केलात?"

पुढे हेड उतरवावे लागले. भोक मोठे करून नवे आटे पाडले आणि त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवून मूळ मापाचे आटे पुन्हा तयार केले. खर्च तीन प्लगांच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. गाडी अकरा दिवस उभी राहिली. नेमके त्याच सुमारास वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन झालेले होते. डोळ्यावर पट्टी असताना त्यांना तपासणीसाठी एस.टी.ने न्यावे लागले. ते काही बोलले नाहीत, पण मला मात्र राहून राहून वाटत होते, की हे सारे माझ्या एका हिसक्यापायी घडले. मिस्त्रींच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम प्लगचे काम काय ते पाहू. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या टोकाशी विजेची ठिणगी पडून ते पेटते. डिझेलच्या इंजिनात ही ठिणगी लागत नाही. तिथे दाबल्याने तापलेली हवाच इंधन पेटविते. म्हणून आपल्या ट्रॅक्टरला असा प्लग नसतो.

ठिणगी पाडणे हे प्लगचे उघड काम झाले. त्याची आणखी दोन कामे सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. एक, स्फोटाचा दाब बाहेर निसटू न देणे, म्हणजे बुचाचे काम. दुसरे, स्वतःच्या टोकाची उष्णता इंजिनाच्या हेडाकडे पोचविणे. प्लगचे टोक चालत्या गाडीत साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअस या दरम्यान राहावे लागते. त्याहून थंड राहिले तर काजळी जळून जात नाही आणि साचत राहते. त्याहून फार तापले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते आणि इंजिनावर घाला येतो. ही उष्णता बाहेर जाण्याची मोठी वाट प्लगच्या आट्यांतून आणि त्याच्या बैठकीवरून जाते. ढिला प्लग बैठकीला नीट टेकत नाही. त्यामुळे तो फार तापतो, बाजूने वायू गळतो आणि भोकाचे आटेही खराब होतात. म्हणून प्लग घट्ट हवा, यात शंका नाही. प्रश्न असा, की किती घट्ट?

पूर्वी या प्रश्नाची फारशी फिकीर करावी लागत नसे. आपल्या रस्त्यांवर ज्या गाडीने अनेक दशके राज्य केले त्या ॲम्बॅसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे हेड बिडाचे होते. प्लगचे कवच पोलादाचे आणि हेड बिडाचे, दोन्ही कठीण. मिस्त्रीचा हात थोडा जड पडला तरी ते सहन करीत. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आजच्या मोटारींची हेडे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. हा धातू हलका आहे, उष्णता चटकन वाहून नेतो, पण पोलादापुढे तो मऊ आहे. जोराजोरी झाली तर आटे हेडाचे जातात, प्लगचे नव्हे. आमचे मिस्त्री म्हणाले ते मला पटले: "बिडावर शिकलेला हात ॲल्युमिनियमवर चालत नाही, सर."

याच ठिकाणी त्या चंदेरी लेपाचा जन्म आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले, त्यांत ओल शिरली, की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि त्याची भुकटी आट्यांत बसते. त्यात पुन्हा दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. एक मीटर लांबीची सळई १०० अंशांनी तापविली तर पोलादाची सुमारे १.२ मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियमची सुमारे २.३ मिलिमीटर. इंजिन रोज तापते, रोज निवते. अशी वर्षे गेली की साध्या काळ्या कवचाचा प्लग जाम होऊन बसे. म्हणून तेल किंवा ग्रीस आणि त्यात तांबे, ॲल्युमिनियम, निकेल किंवा ग्रॅफाइट यांची बारीक पूड असा लेप निघाला. तेल जळून गेले तरी पूड दोन धातूंच्या मध्ये राहते आणि त्यांना एकजीव होऊ देत नाही. धुराड्याच्या नळीच्या बोल्टांना हा लेप आजही फार उपयोगी पडतो.

मग प्लगला लावला तर बिघडले काय? याचे उत्तर घर्षणात आहे.

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. बैल तोच, त्याचा जोर तोच, पण गाडी पुढे सरकते. अडविणारे घर्षण कमी झाले. आट्यांचेही तसेच आहे. आपण पाना फिरवितो तेव्हा आपला सगळा जोर प्लगला खाली ओढण्याच्या कामी येतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. बोल्ट आवळताना शंभर रुपयांचा जोर खर्च केला, तर ढोबळ मानाने पन्नास रुपये डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात जातात, आणि उरलेले दहाच रुपये खऱ्या आवळण्याच्या कामी येतात.

आता आट्यांना वंगण लावले. समजा, चाळीसऐवजी तीसच रुपये तिथे गेले. वाचलेले दहा रुपये कुठे गेले? ते आवळण्याच्या खात्यात पडले. तिथे दहाचे वीस झाले! हातात तोच पाना, मनगटाला तोच जोर, आणि आट्यांवर ओढ मात्र दुप्पट. हे आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष वाढ किती होईल ते लेपावर आणि धातूंवर अवलंबून राहील. पण दिशा हीच. हाताला काहीच वेगळे जाणवत नाही. माझ्या बाबतीत हेच झाले. जाम होऊ नये म्हणून लेप लावला आणि ढिला राहू नये म्हणून हिसका दिला. दोन्ही गोष्टी काळजीपोटी केल्या. दोन्ही मिळून आट्यांच्या मुळावर आल्या. अति तेथे माती म्हणतात ते खोटे नाही.

यावर कोणी म्हणेल, "लेप नाही लावला तर प्लग जाम होईल, त्याचं काय?" आता परिस्थिती बदलली आहे. आजच्या पुष्कळ प्लगांच्या कवचावर जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा असतो. गंज आणि चिकटणे टाळण्याचे काम तो मुलामाच करतो. एन.जी.के. या जपानी प्लग कारखान्याचे सांगणे असे, की आमच्या मुलामा दिलेल्या प्लगांना अँटी-सीझ लावण्याची गरज नाही. लावल्यास आवळण्याचा हिशोब वीस टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, आणि प्लगचे आटे तुटण्याचा किंवा कवच ताणले जाण्याचा धोका वाढतो. ऑटोलाइट हा अमेरिकन कारखानाही प्लगला असा लेप लावू नका असेच सांगतो. तो आणखी एक कारण देतो: लेपातली धातूची पूड वीजवाहक असते, ती प्लगच्या टोकाच्या चिनी मातीला लागली तर ठिणगी भलत्या वाटेने जाऊन इंजिन चुकू लागते.

तथापि हा लेप सर्वत्र निषिद्ध आहे, असाही अर्थ कोणी घेऊ नये. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हांच्या इंजिनाचे उदाहरण बोलके आहे. २००४ ते २००८ च्या सुमाराच्या या इंजिनांत प्लगला खाली लांब नळकांडे होते. त्याभोवती काजळी साचून ते हेडात पक्के बसे, आणि प्लग काढताना खालचा भाग तुटून आतच राही. २००८ साली कंपनीने आपल्या कारागिरांसाठी सूचनापत्र काढले. त्यात नव्या प्लगच्या त्या नळकांड्यावर निकेलच्या लेपाचा पातळ थर द्यावा, टोकाच्या इलेक्ट्रोडला तो लागू देऊ नये, आणि प्लग ठरलेल्या मापानेच आवळावा, असे सांगितले होते. म्हणजे लेप कुठे लावायचा, किती लावायचा आणि त्यावर जोर किती द्यायचा, या तिन्ही गोष्टी करणाऱ्यानेच ठरवून दिल्या. औषध वैद्याने सांगितले तरच घ्यावे, आणि सांगितले तेवढेच घ्यावे.

आता जोराचे माप. आवळण्याच्या या पिळाला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले, की सुमारे १० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. दांडा पाव मीटरचा असेल तर तोच पीळ पाडायला चार किलो लागतील.

प्लगच्या आट्यांचा व्यास पाहून हे माप ठरते. ॲल्युमिनियमच्या हेडात, वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी सर्वसाधारण माप २५ ते ३० न्यूटन-मीटर आहे. १२ मिलिमीटरसाठी १५ ते २०, आणि १० मिलिमीटरसाठी अवघे १० ते १२. काही प्लगांना वॉशर नसतो, बैठकच निमुळती असते. अशा १४ मिलिमीटरच्या प्लगला १० ते २० पुरतात. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा मानावा. हे सारे आकडे स्वच्छ आणि कोरड्या आट्यांचे आहेत, हे विसरू नये. आट्यांना तेल किंवा लेप लागलेला असेल तर माप सुमारे एक तृतीयांशाने कमी करावे, असे सांगतात.

'कोरडे' या शब्दाइतकाच 'स्वच्छ' हा शब्दही महत्त्वाचा आहे. आट्यांत माती किंवा गंज असला तर उलटा घोटाळा होतो. जोर सगळा त्या मातीशी झगडण्यात जातो, टॉर्क पाना म्हणतो 'पुरे', आणि प्लग बैठकीला टेकलेलाच नसतो. लेपाने प्लग अति घट्ट होतो आणि मातीने ढिला राहतो, आणि दोन्ही वेळा पाना आपला तोच आकडा सांगत असतो.

आता कृती सांगतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघण्याचा धोका अधिक. प्लगच्या खड्ड्यातली धूळ आधी हवेने उडवून टाकावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडेल. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाही. प्लग अडला तर बळ वापरू नये. आट्यांच्या कडेला गंज सोडविणाऱ्या तेलाचे चार थेंब सोडावेत, वाट पाहावी, आणि थोडे पुढे, थोडे मागे असे करीत सोडवावा. तेल सोडले असेल तर नवा प्लग बसविण्यापूर्वी आटे पुसून कोरडे करावेत.

नवा प्लग हातातून फरशीवर पडला तर तो वापरू नये. आतली चिनी माती तडकलेली असू शकते आणि ती तडक डोळ्यांना दिसत नाही. बसविताना सुरुवात कधीही पान्याने करू नये. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या पांढऱ्या टोकावर चढवावा आणि त्याने प्लग फिरवावा. आटे वाकडे लागले तर नळी टोकावर घसरते, पुढे जात नाही. म्हणजे आटे वाचले. पाना मात्र वाकड्या आट्यांतही प्लग रेटून नेतो.

वॉशर टेकेपर्यंत हातानेच फिरवून घ्यावे. त्यानंतर टॉर्क पाना लावावा आणि ठरलेले माप येताच थांबावे. शेवटचा हिसका देऊ नये.

टॉर्क पाना सगळ्यांकडे असतो असे नाही. तेव्हा कोनाचा हिशोब चालतो. १४ मिलिमीटरचा नवा, वॉशरचा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवावा. वॉशर आतून पोकळ, दुमडलेल्या पत्र्याचा असतो. या आट्यांत एका फेऱ्याला प्लग सव्वा मिलिमीटर खाली जातो, म्हणून अर्ध्या फेऱ्यात वॉशर सहा-दशांश मिलिमीटरच्या आसपास चेपतो, आणि त्याची बैठक पक्की होते. जुनाच प्लग परत बसवीत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो. तिथे फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे, म्हणजे घड्याळाच्या काट्याने एका तासाचे अंतर. निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा हिस्साच. नवा आणि जुना यांतला हा फरक ध्यानात न घेता जुन्या प्लगला अर्धा फेरा देणारे पुष्कळ आहेत.

मोटारसायकलवाल्यांनाही एक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडील पुष्कळ मोटारसायकलींचे प्लग १० मिलिमीटरचे असतात. त्यांना लागणारा जोर मोटारीच्या प्लगच्या निम्म्याहूनही कमी आहे. मोटारीला आवळणारा हात तिथे लावला तर आटे गेलेच म्हणून समजा.

शिक्षक बंधुभगिनींना यात एक चांगला प्रयोग सापडेल. शाळेच्या प्रयोगशाळेतला, दहा किलोपर्यंत मोजणारा स्प्रिंगचा काटा घ्यावा. पान्याच्या दांड्यावर, फिरण्याच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खूण करावी आणि तिथे काट्याचा हूक अडकवून दांड्याशी काटकोन ठेवून ओढावे. काटा दहा किलो दाखवील तेव्हा पीळ साधारण साडेचोवीस न्यूटन-मीटर असतो, म्हणजे १४ मिलिमीटरच्या प्लगचे जवळजवळ नेमके माप. सात किलोला सुमारे सतरा, आणि साडेचार किलोला अकरा. लाकडी पाटात एक मोठा नट-बोल्ट बसवून प्रत्येक मुलाला आधी अंदाजाने आवळायला सांगावे, मग काट्याने मोजावे. अंदाज आणि माप यांत किती अंतर पडते ते मुलांना आपोआप दिसेल. नंतर त्याच बोल्टाला तेल लावून त्याच दहा किलोंनी पुन्हा आवळावे. नट या वेळी पहिल्यापेक्षा पुढे जाऊन थांबेल. घर्षणाचा धडा फळ्यावर लिहून जेवढा कळत नाही, तेवढा या एका बोल्टाने कळेल.

थोडक्यात सांगायचे तर, आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा, सुरुवात हाताने करा, मापाने आवळा, आणि लेप लावायचा तो प्लग किंवा गाडी करणाऱ्याने सांगितला असेल तरच. आपल्याकडे कामाची काळजी दाखवायची म्हणजे चार थेंब जास्त घालायचे आणि पाव फेरा जास्त फिरवायचा, अशी एक समजूत आहे. यंत्राच्या बाबतीत तरी ती सोडून द्यायला हवी.

ती चंदेरी ट्यूब माझ्या कपाटात अजून आहे. धुराड्याचे बोल्ट बसवायचे असले की मिस्त्री ती मागून नेतात. मी मात्र एक टॉर्क पाना विकत घेतला आहे. वडिलांना आता तपासणीला आमच्याच गाडीतून नेतो. आपणही पुढच्या वेळी प्लग बदलताना मिस्त्रींना एवढेच विचारा, "किती न्यूटन-मीटर?" ते क्षणभर आपल्याकडे पाहतील. पण पाहू द्यावे. एवढे सांगून आपली रजा घेतो.